स्टारड्यू व्हॅलीचा मराठी विकी : कोणते विषय घ्यायचे, कोणते सोडायचे (प्रकल्प नोंदी)

४ जानेवारी २०२५

स्टारड्यू व्हॅली या शेतीच्या व्हिडिओ गेमच्या मराठी विकीसाठी मीडियाविकी (विकी चालवणारं सॉफ्टवेअर) बसवून झालं. मुखपृष्ठ सोडलं तर पानं शून्य. लिहायला घेण्याआधी हद्द ठरवायची आहे, कारण नंतर ठरवली तर ती आधीच लिहिलेल्या पानांना सोयीची अशीच ठरते. हद्द नसलेल्या गेम विकीत पहिल्या उत्साहात लाडक्या पात्रांवर लांबलचक पानं होतात, बियाण्यांचे भाव अर्धवट राहतात, आणि पुढचं अपडेट आलं की यातलं काय अजून खरं आहे हे कुणालाच सांगता येत नाही.

विकिपीडियाचा निकष इथे उपयोगाचा नाही. तिथे विषयाची उल्लेखनीयता बघतात, आणि विकिपीडिया म्हणजे गेमचं गाईड नव्हे, हे त्यांच्या धोरणात स्पष्ट लिहिलेलं आहे. तिथे जे बसत नाही तेच इथलं मुख्य काम. म्हणून 'हा विषय महत्त्वाचा आहे का?' हा प्रश्नच बाद. सोगी न्यूजपेपर घ्या. मासेमारीत गळाला लागणारा कचरा, विकायला गेलं तर शून्य. पण रिसायकलिंग मशीनमध्ये टाकला की बहुतेक वेळा ३ टॉर्च आणि क्वचित कापड मिळतं, आणि कापड ही एमिली या गावकरी पात्राची अतिशय आवडती भेट. त्या कापडाच्या शोधात वाचक या पानावर येणारच. त्याला पान हवं.

त्याऐवजी दोन प्रश्न ठेवले. दोघांनी एकमेकांना न विचारता तपासलं तर उत्तर एकच येईल का? आणि अपडेट आल्यावर तीच गोष्ट पुन्हा कुठे, कशी तपासायची हे पानावर लिहून ठेवता येईल का? दोन्हीला 'हो' असेल तर विषय आत, एकालाही 'नाही' असेल तर बाहेर. पान लिहायला एकदाच बसावं लागतं, सांभाळायला मात्र प्रत्येक अपडेटला. हद्द त्या दुसऱ्या कामावरून आखायची.

६ जानेवारी

आज 'एक पान म्हणजे काय' यावर पूर्ण दिवस गेला, आणि तो जायलाच हवा होता.

पहिला प्रस्ताव होता, गेमच्या डेटात जितके आयडी (वस्तूंचे ओळखक्रमांक) तितकी पानं. मोजायला सोपा, पण टिकला नाही. एग नावाच्या वस्तूचे दोन आयडी आहेत, पांढऱ्या अंड्याचा १७६ आणि तपकिरी अंड्याचा १८०. दोन्हींचं नाव 'एग', दोन्हींचा भाव ५०. दोन पानं केली तर दोन्हींवर तोच मजकूर, आणि एक दुरुस्त करून दुसरं विसरण्याची हमी. 'स्टोन'ची गत याहून वाईट. खाणीत फुटणाऱ्या दगडांचे कितीतरी वेगळे आयडी आहेत आणि डेटात सगळ्यांचं नाव स्टोन.

दुसरा प्रस्ताव होता, खेळाडूला पडद्यावर दिसणारं एक नाव म्हणजे एक पान. अंड्यांचा प्रश्न मिटला, पण वाइनपाशी हा गाडा अडला. वाइनचा आयडी एकच, ३४८. पडद्यावर मात्र ज्या फळाची केली त्याचं नाव पुढे लागतं. स्टारफ्रूट वाइन, ब्लूबेरी वाइन, मेलन वाइन. फळागणिक पान काढलं तर प्रत्येक पानावर एकच वाक्य उरतं, भाव इतका.

ठरलं ते असं : वाचकाला ज्याचं वेगळं उत्तर द्यावं लागतं त्याला वेगळं पान. ब्लूबेरी वाइनचं उत्तर स्टारफ्रूट वाइनपेक्षा वेगळं नाही, सूत्र एकच आहे. वाइनचा भाव फळाच्या मूळ भावाच्या तिप्पट. जेलीचा भाव मूळ भावाच्या दुप्पट अधिक ५०. तेव्हा वाइनचं एक पान, जेलीचं एक, आणि फळांचा तक्ता त्यांच्या पोटात. ही सूत्रं एका जागी आली की सुट्या पानांवर कधीच दिसलं नसतं ते दिसतं. मूळ भाव बरोबर ५० असेल तर दोन्हींचे १५०च येतात. ब्लूबेरी नेमकी त्या काठावर. त्याखालच्या फळांची जेली जास्त देते, वरच्यांची वाइन. ७५०च्या स्टारफ्रूटची वाइन २,२५० आणि जेली १,५५०.

लार्ज एगला मात्र वेगळं पान. भाव ९५, आणि मेयोनेझ मशीनमधून निघणारा मालही वेगळ्या प्रतीचा.

११ जानेवारी

आवृत्त्या. गेमची १.६ ही आवृत्ती पीसीवर १९ मार्च २०२४ला आली, कन्सोल आणि मोबाइलवर ४ नोव्हेंबर २०२४ला. मधले साडेसात महिने दोन वाचक एकच पान वाचत होते आणि दोघांच्या हातातला गेम वेगळा होता. गाजर, समर स्क्वॉश, ब्रोकोली आणि पावडरमेलन ही चार पिकं एकाकडे होती, दुसऱ्याकडे नव्हती. अशा वेळी 'माहिती चुकीची आहे' म्हणून बरोबर ओळ पुसली जाते, दुसरा ती परत घालतो, आणि दोघेही आपापल्या पडद्यापुरते खरे असतात.

इतर विकींनी हे कसं सोडवलं ते पाहिलं. माइनक्राफ्टचा विकी जावा आणि बेडरॉक या आवृत्त्या एकाच पानावर ठेवतो आणि फरक असेल तिथे खूण करतो. रूनस्केपचे दोन गेम शेजारी-शेजारी चालतात, म्हणून विकीही दोन आहेत. १९९५ पासून चालू असलेलं एल्डर स्क्रोल्सचं अनधिकृत संकेतस्थळ प्रत्येक गेमला स्वतंत्र नामविश्व (पानांचा वेगळा गट) देतं, आणि त्या जगाच्या कथा-इतिहासाला आणखी एक. आपल्याकडे गेम एकच आहे आणि जुनी आवृत्ती मुद्दाम खेळणारे थोडे. त्यामुळे माइनक्राफ्टची पद्धत उचलली. मुख्य मजकूर कायम ताज्या आवृत्तीचा, फरक पडला असेल तिथे छोटी खूण, आणि जुनं काय होतं ते पानाच्या तळाशी 'बदल' या विभागात एका ओळीत.

प्रत्येक पानाच्या माहितीचौकटीत दोन रकाने सक्तीचे : 'तपासलेली आवृत्ती' आणि 'कुठे तपासली'. दुसऱ्या रकान्यात 'गेममध्ये' असं लिहिलेलं चालणार नाही. डेटा फाइलचं नाव लिहायचं, किंवा गेममधली जागा, ऋतू आणि तारीख.

अपडेट येण्याआधी करायचं काम : गेमचं कंटेंट फोल्डर दुसरीकडे कॉपी करून ठेवणं. स्टीम (पीसीवर गेम पुरवणारा मंच) जुन्या फाइलींवर नव्या लिहून मोकळं होतं, मग तुलनेला काही उरत नाही. दोन्ही संच उलगडून मजकुराची तुलना करणाऱ्या साधनात टाकले की बदललेल्या ओळींची यादी मिळते, आणि तीच तपासायच्या पानांची यादी. एक सावधगिरी : फाइलींची रचनाही बदलते. १.६ मध्ये वस्तूंची जुनी 'ऑब्जेक्टइन्फर्मेशन' फाइल जाऊन 'ऑब्जेक्ट्स' आली, आणि पिकांच्या तिरप्या रेघांनी तोडलेल्या ओळी जाऊन नावनिशीवार रकाने आले. अशा वेळी तुलना 'सगळंच बदललं' असं सांगते. तेव्हा आधी दोन्ही संच एका साच्यात आणायचे, मग तुलना.

१२ जानेवारी

कम्युनिटी सेंटर. ६ खोल्या, ३० बंडल (जमा करायच्या वस्तूंचे संच; खोलीगणिक ६, ६, ६, ३, ५, ४). खोलीगणिक पान, बंडलगणिक नाही. नवा गेम सुरू करताना रीमिक्स्ड (वस्तू बदललेले) बंडल निवडता येतात, हा पर्याय १.५ पासून आहे. त्यामुळे प्रत्येक खोलीच्या पानावर दोन तक्ते, नेहमीचा आणि रीमिक्स्ड. एकाच तक्त्यात दोन्ही मिसळायचे नाहीत. वाचक चुकीची वस्तू वर्षभर जपून ठेवेल, इतकं ते नुकसानीचं आहे.

जोजाची वाट (बंडलांऐवजी जोजा कंपनीचं ५,००० देऊन सदस्यत्व) आत घेतली. तिला सेंटरइतकीच जागा आणि तितकाच सरळ सूर. 'चुकीचा मार्ग' वगैरे शेरे पानावर नकोत.

१८ जानेवारी

शीर्षकं. गेम मराठीत नाही. पडद्यावर इंग्रजी नाव दिसतं आणि वाचक तेच मनात धरून येतो, कधी इंग्रजी लिपीत टाइप करतो, कधी देवनागरीत. म्हणून पानाचं नाव इंग्रजी नावाचं देवनागरी रूप (पार्सनिप, कॉलीफ्लॉवर), आणि मूळ इंग्रजी स्पेलिंगवरून पुनर्निर्देशन (दुसऱ्या नावावरून त्याच पानावर नेणं) प्रत्येक पानाला सक्तीचं. कॉलीफ्लॉवरला 'फुलकोबी' हे शीर्षक द्यावं असा आग्रह होता. तेही पुनर्निर्देशनच. गेमच्या दुकानात पाटी कॉलीफ्लॉवरची दिसते, फुलकोबीची नाही.

उच्चारांचे किती पर्याय धरायचे? पार्सनिप, पार्स्निप, पारस्निप. तीनांवर थांबायचं. पुढचे पर्याय शोधातून सापडले तर घालू.

आजची खरी डोकेदुखी अदृश्य होती. स्टेअरकेस या वस्तूला 'पायऱ्या' असं मराठी पुनर्निर्देशन केलं. काही वेळाने त्याच नावाचं दुसरं पान तयार झालेलं दिसलं, अक्षरन् अक्षर सारखं. कारण अर्धा 'ऱ' दोन प्रकारे टाइप होतो. काही कीबोर्ड नुक्त्याचा 'ऱ' आणि हलन्त देतात. काही साधा 'र', हलन्त आणि त्यापुढे न दिसणारं जोडचिन्ह देतात. डोळ्यांना फरक कळत नाही, मीडियाविकीला मात्र ती दोन वेगळी नावं. ते जोडचिन्ह ते आपण होऊन काढून टाकत नाही. नियम : शीर्षकात नुक्त्याचा 'ऱ'च, आणि अर्धा 'ऱ' असलेल्या प्रत्येक नावाला दुसऱ्या रूपातून पुनर्निर्देशन.

शीर्षकाची मर्यादा २५५ बाइट. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, आणि काना, मात्रा, हलन्त हीसुद्धा वेगळी चिन्हंच. म्हणजे हातात जास्तीत जास्त ८५ चिन्हं. वस्तूंना पुरतात. 'अमुक सणाच्या दिवशी अमुक कसं करावं' अशा लांब शीर्षकांना पुरत नाहीत, आणि तशी शीर्षकं नकोतच.

१९ जानेवारी

भावाचा साचा (अनेक पानांत घालता येणारा तयार तुकडा) बनवला. तपासण्यासाठी पार्सनिप घेतला. बी २०, वाढ ४ दिवस, मूळ भाव ३५. रौप्य प्रतीला सव्वापट, सुवर्णला दीडपट, इरिडियमला दुप्पट. साचा म्हणाला ३५, ४४, ५३, ७०. गेम म्हणतो ३५, ४३, ५२, ७०.

साच्याने ४३.७५ जवळच्या पूर्णांकाला नेलं, गेम अपूर्णांक सरळ कापतो. गणिताच्या सूत्रात 'राउंड'च्या जागी 'ट्रंक' वापरल्यावर जुळलं. मग टिलर व्यवसायाचे (खेळाडूला पिकांवर जादा भाव देणारी निवड) दहा टक्के लावले आणि पुन्हा फरक आला. रौप्य भाव ४३ वर कापायचा आणि मगच १.१ ने गुणायचं, म्हणजे ४७.३, पुन्हा कापून ४७. शेवटी एकदाच कापलं तर ४८ येतात. प्रत्येक पायरीला कापायचं. बरोबर ओळ : ३८, ४७, ५७, ७७.

आणखी एक. साच्यात आकडा देवनागरीत भरला तर गणिताचं फंक्शन चूक दाखवतं, त्याला फक्त इंग्रजी अंक कळतात. संपादकांना 'इंग्रजी अंकच भरा' सांगून भागत नाही, कुणीतरी ३५ देवनागरीत लिहिणारच. म्हणून आत येणारा प्रत्येक आकडा आधी 'फॉर्मॅटनम' या अंक बदलणाऱ्या फंक्शनच्या उलट्या रूपातून न्यायचा, हिशेब करायचा आणि उत्तर पुन्हा देवनागरीत दाखवायचं.

याचा हद्दीशी संबंध एवढाच की, भाव हाताने लिहिलेली पानं आता स्वीकारायची नाहीत. मूळ भाव एकच, बाकीचे साचा काढेल.

२५ जानेवारी

गावकरी आणि भेटी. सर्वात जास्त वाचली जाणारी पानं हीच असणार. पुनरुक्तीही सर्वात जास्त इथेच. पेनीच्या पानावर तिच्या आवडी, शिवाय प्रत्येक वस्तूच्या पानावर 'कुणाला आवडते'. तीच गोष्ट दोन ठिकाणी हाताने लिहिली की वर्षभरात दोन्हींत फरक पडतो.

सगळ्यांना मनापासून आवडणाऱ्या भेटींची यादी (गोल्डन पंपकिन, मॅजिक रॉक कँडी, पर्ल, प्रिझमॅटिक शार्ड, रॅबिट्स फूट) एकाच साच्यात ठेवली. १.६ मध्ये स्टारड्रॉप टी आली, ती तिथे एकदा घातली की सगळीकडे दिसते. गावकऱ्याच्या पानावर फक्त त्याची स्वतःची यादी आणि अपवाद. अपवाद मात्र ठळक हवेत. हेलीला प्रिझमॅटिक शार्ड अजिबात आवडत नाही, पेनीला रॅबिट्स फूट. सामाईक यादीवर विसंबून दिलेली भेट इथेच फसते.

गुणांचा तक्ता भेटींच्या एका पानावर : अतिशय आवडती ८०, आवडती ४५, साधी २०, नावडती उणे २०, तिटकाऱ्याची उणे ४०. एक हृदय (गावकऱ्याशी मैत्रीचं माप) म्हणजे २५० गुण. वाढदिवसाला आठपट, म्हणजे अतिशय आवडत्या भेटीला ६४०, अडीच हृदयांहून थोडे जास्त. हा तक्ता प्रत्येक गावकऱ्याच्या पानावर चिकटवायचा नाही, दुवा द्यायचा.

लग्न करता येणारी १२ पात्रं आधी घ्यावीत असा सूर होता. मान्य नाही. क्रोबस किंवा बुटक्याला काय द्यावं हे शोधणाऱ्याला दुसरीकडे मराठीत काही मिळणार नाही. सगळे गावकरी एकाच खेपेत आणि एकाच मापाने.

१ फेब्रुवारी

डावपेच. 'वसंतात सगळ्यात चांगलं पीक कोणतं' हे पान पहिल्या प्रश्नावरच अडतं. दोघांची दोन उत्तरं येतात, कारण चांगलं कशासाठी हे ठरलेलं नाही. पण हाच विषय गृहीतकं लिहून मांडला तर आत येतो.

स्ट्रॉबेरीचं उदाहरण साच्यासारखं वापरायचं. बी एग फेस्टिव्हलमध्ये, वसंत १३ ला, १०० ला. वाढ ८ दिवस, नंतर दर ४ दिवसांनी फळ, भाव १२०. त्याच रात्री लावली तर तोडणी २१ आणि २५ ला. पुढची २९ ला पडेल, पण ऋतू २८ दिवसांचाच. म्हणजे दोन तोडण्या, २४० वजा १००, नफा १४०. तेच बी राखून पुढच्या वर्षी वसंत १ ला लावलं तर ९, १३, १७, २१, २५ अशा पाच तोडण्या, ६०० वजा १००. साधी प्रत, व्यवसाय नाही, खत नाही, रोज पाणी. हे लिहिलं की कुणीही तपासून तोच आकडा काढेल. 'म्हणून स्ट्रॉबेरीच लावा' हे शेवटचं वाक्य मात्र नको.

या पानांना वेगळं नामविश्व दिलं, 'डावपेच:', क्रमांक ३०००, चर्चेला ३००१. इथे एक चूक झाली : नामविश्व नोंदवण्याआधीच 'डावपेच:' ने सुरू होणारी पानं तयार केली होती. ती मुख्य नामविश्वात जमा झाली आणि नोंदणीनंतर उघडेनाशी झाली. मजकूर शाबूत असतो, फक्त पत्ता हरवतो. सर्व्हरवर 'नेमस्पेसड्यूप्स' ही देखभालीची स्क्रिप्ट दुरुस्तीच्या पर्यायासह चालवल्यावर परत मिळाली. नवं नामविश्व नेहमीच्या शोधात आपोआप येत नाही, तेही सेटिंगमध्ये वेगळं चालू करावं लागतं.

२ फेब्रुवारी

मॉड (इतरांनी बनवलेल्या गेमच्या जोडण्या) बाहेर. मॉड आपापल्या गतीने बदलतात, आणि त्यांची तपासणी गेमच्या फाइलींतून होत नाही, म्हणजे दुसऱ्या प्रश्नाला उत्तर 'नाही'. स्मापी (मॉड चालवणारं साधन) म्हणजे काय आणि मॉड घालण्याआधी सेव्ह फाइलची प्रत का ठेवावी, एवढं एक पान. मॉडमधली पात्रं आणि वस्तू मूळ पानांवर कंसातसुद्धा नकोत. नव्या खेळाडूला मूळ काय आणि जोडलेलं काय ते ओळखता येत नाही, आणि तो गेममध्ये नसलेला मासा शोधत बसतो.

८ फेब्रुवारी

स्पॉयलर, म्हणजे कथेतलं रहस्य आधीच फोडणारा मजकूर. तो घडीत लपवायची सूचना होती. नाकारली, कारण उत्तर शोधत आलेल्याला आणखी एक क्लिक पडतो आणि फोनवर तक्ता मोडतो. त्याऐवजी मजकुराच्या क्रमाचा नियम : पहिल्या परिच्छेदात फक्त सुरुवातीलाच कळणाऱ्या गोष्टी, हृदय-प्रसंग (मैत्री वाढल्यावर घडणारे) शेवटी, चढत्या क्रमाने. रहस्य फुटण्याची खरी जागा पानाच्या आत नसतेच. शोधपेटीत दोन अक्षरं टाइप केली की खाली शीर्षकं उघडी पडतात, आणि पानाच्या तळाशी वर्गांची नावं. म्हणून कथेतला उलगडा शीर्षकात किंवा वर्गाच्या नावात नको.

आजोबांचं मूल्यमापन (खेळाडूची प्रगती जोखणारा प्रसंग) आत. तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला होतं, एकूण २१ गुण, १२ गुणांना चारही मेणबत्त्या पेटतात. कशाला किती गुण याचा तक्ता द्यायचा. आजोबांचे शब्द नाहीत.

संवाद पूर्ण उतरवणं बाहेर. ते लेखन गेमकर्त्याचं आहे. प्रसंगाचा सारांश आणि कोणत्या उत्तराने किती गुण वाढतात-घटतात, एवढं पुरे. गेमच्या अधिकृत विकीवरून भाषांतर करायचं नाही, तिथला परवाना बिगर-व्यावसायिक अटीचा आहे आणि भाषांतरालाही ती अट लागू होते. आकडे डेटातून घ्यायचे, वाक्यं आपली.

चित्रं : वस्तूंची चित्रं १६ × १६ पिक्सेलची असतात. तिप्पट करून ४८ × ४८ ठेवायची, मोठी करताना शेजारचे रंग मिसळू द्यायचे नाहीत. अडीचपट वगैरे केलं की काही पिक्सेल जाड आणि काही बारीक होतात.

९ फेब्रुवारी

बाहेर : चाहत्यांचे तर्क आणि कथा (सदस्यपानावर चालतील), 'सर्वोत्तम जोडीदार' छापाच्या याद्या.

आत, पण एकेकच पान : गेमकर्ते एरिक बॅरोन, ते गेमच्या निर्मितीपुरते (२६ फेब्रुवारी २०१६ला पहिली आवृत्ती). आणि डेटात असूनही खेळताना न मिळणाऱ्या वस्तू, आयडीसकट.

१५ फेब्रुवारी

लिहिण्याचा क्रम ठरवायला 'हवी असलेली पाने' ही विशेष यादी उघडली. वरच्या सगळ्या जागा माशांनी अडवलेल्या. प्रत्येक माशाच्या पानाखाली सगळ्या माशांचा सुचालन साचा (दुव्यांची पट्टी) आहे, आणि साच्यातला लाल दुवा (अजून नसलेल्या पानाचा) तो साचा असलेल्या प्रत्येक पानागणिक मोजला जातो. म्हणजे ही यादी वाचकांची गरज दाखवत नाही, साचा किती पानांवर आहे ते दाखवते. साचा तात्पुरता काढला, यादी ताजी होऊ दिली. आता वर आलं ते केग (वाइनचं यंत्र), प्रिझर्व्हज जार (जेलीचं) आणि रिसायकलिंग मशीन. यंत्रं आधी.

बाकी राहिलेलं : 'स्टोन'चं पान. उचलता येणारा दगड आणि खाणीत फोडायचा दगड यांची उत्तरं वेगळी आहेत, तेव्हा ६ जानेवारीच्या नियमाने पानं दोन. दुसऱ्याचं शीर्षक अजून ठरलेलं नाही, चर्चापानावर 'खाणीतला दगड' आणि 'स्टोन (खाण)' हे दोन पर्याय आहेत.